हौदातलं माप

पंकजाच्या पायगुणाबद्दल वस्तीवर दोन मतं नव्हती. एकच होतं, आणि ते तिच्या सासूचं होतं.

तशा भागूबाई सासू म्हणून वाईट नव्हत्या. त्यांनी सुनेला कधी उपाशी ठेवलं नाही, तिच्या माहेरच्यांचा उद्धार केला नाही, आणि नात दिशा झाली त्या बाळंतपणात डिंकाचे लाडू असे चारले की पंकजाची जुनी पोलकी पुन्हा कधी तिच्या अंगाला झाली नाहीत. पण कढी फुटली, गाय आटली, कुत्रं लंगडायला लागलं, की त्यांची नजर आधी सुनेच्या पावलांकडे जायची. त्याला कारण होतं लग्नातलं माप.

नगरहून नेवाशाकडे जाताना घाट उतरला की आतल्या अंगाला हौदवाडी लागते. एके काळी इथं इनामदारांची मोठी बाग होती. इनामदार गेले, कूळकायद्यात जमीन कसणाऱ्यांची झाली, बागेतले आंबे सरपणाला गेले. उरला तो अष्टकोनी दगडी हौद. त्याच्या एका भिंतीत दगडी हत्तीचं तोंड, आणि त्या तोंडातून बारमाही मनगटाएवढी पाण्याची धार. ती येते कुठून, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. येत्या पाण्याला पत्ता विचारायची आपल्याकडे रीत नाही. हौदाच्या काठाशीच गोरक्षनाथांचं, म्हणजे पंकजाच्या सासऱ्यांचं, घर. दार उघडलं की समोर पाणी.

तर पंकजा कर्जतहून नवरी होऊन आली आणि या दारात उभी राहिली. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं पितळी माप. नवरीनं ते उजव्या पायानं हलकेच आत लवंडायचं, म्हणजे लक्ष्मी घरात येते. पण पंकजा शाळेत खो-खो खेळलेली, दिवसभराच्या विधींनी आंबलेली, आणि नवी जोडवी बोटांत रुतत होती. तिनं पाय असा हाणला की माप चौकटीवर आपटलं, टणकन उलटं फिरलं, वऱ्हाडाच्या पायांतून अंगणभर गडगडत गेलं आणि डुबकन हौदात पडलं. पोरी हसून हसून लोळल्या. भागूबाई हसल्या नाहीत. घरात यायची लक्ष्मी त्यांनी डोळ्यांदेखत बुडताना पाहिली होती.

आणि नवरीची हळद फिकी व्हायच्या आतच हत्तीच्या तोंडातली धार बारीक व्हायला लागली. मनगटाची करंगळी झाली, करंगळीची सुतळी झाली, आणि एका सकाळी हत्ती कोरडा पडला. "अगं आई, कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ," असं कल्याणनं, म्हणजे पंकजाच्या नवऱ्यानं, परोपरीनं समजावून पाहिलं. पण मोडलेली फांदी दिसते, कावळाही दिसतो. मग उगाच खोलात कोण शिरणार?

हौद आटल्यावर तळाशी ते माप सापडलं. भागूबाईंनी ते चिंचेनं घासून फडताळात उपडं ठेवलं, पण पुन्हा वापरलं नाही. रिकाम्या हौदात कल्याणनं गाईंसाठी मुरघास, म्हणजे कुट्टी करून दाबून ठेवलेला हिरवा मका, गोण्या भरभरून रचला. पुढे बोअर घ्यायचं ठरलं, तेव्हा भागूबाईंनी नारळ फोडायच्या आदल्या दिवशी सुनेला गोड बोलून माहेरी धाडलं. पंकजाला काय ते कळलं. एसटीत खिडकीशी बसून ती कर्जत येईपर्यंत रडली. बोअर कोरडं गेलं ते गेलंच, आणि पंकजा तालुक्यात नसल्यानं तो दोष कुणाच्या पदरात घालावा, हे भागूबाईंना काही सुचलं नाही.

आता पावसाळ्याआधी शेततळं खोदायचं घाटत होतं. परवाच भाकरी थापता थापता भागूबाईंनी विचारलं होतं, "तुज्या आईची तब्येत कशी हाय गं? लई दिस झाले न्हाई गेलीस."

म्हणजे पुन्हा पूजेच्या आदल्या दिवशी माहेर, हे पंकजानं ओळखलं. या घरात तिला काही कमी नव्हतं. नवरा समजूतदार, सासरे तर बापासारखे. पण घरातल्या पाण्याच्या पूजेला आपण परक्या, हे तिला सोसत नव्हतं.

अशा वेळी, फाल्गुनात, स्नेहल नावाची मुलगी पाठीवर सॅक आणि खांद्यावर तिपाई टाकून वस्तीवर उगवली. जुन्या बागांमधले हौद, कारंजी, बारवा, नळ मोजायचे आणि त्यांचे नकाशे करायचे, हे तिचं काम. हत्तीचं तोंड पाहून ती अशी हरखली की मुरघासाच्या वासाचाही तिला विसर पडला. टेपचं दुसरं टोक धरायला तिला माणूस हवं होतं. गडी सगळे कांदा काढायला गुंतलेले.

"मी येते," पंकजा म्हणाली.

"जा. पर पाय कुटं टाकतीस ते बगून टाक," भागूबाई म्हणाल्या.

दोघींचं छान जमलं. स्नेहल वयानं लहान, बोलायला मोकळी, आणि ऊन लागलं की सरळ बांधावर फतकल मारून बसायची. हौदाच्या मागच्या बाजूनं चुन्याचा एक उंचवटा जमिनीत शिरलेला तिनं हेरला आणि त्याचा माग काढत दोघी डोंगराच्या दिशेनं निघाल्या. दुसऱ्या दिवशी पायथ्याच्या निवडुंगात त्यांना बुजलेली बारव सापडली. वाकून पाहिलं तर पाणी चांगलं पायऱ्यांवर चढलेलं. स्नेहल दगडांचे फोटो काढायला लागली. पंकजा मात्र मटकन पायरीवर बसली.

"ताई, हे तर हाय! आटलं न्हाई!"

"आटायला काय झालं? आत झरा आहे," स्नेहल म्हणाली. मग तिनं भिंतीतलं एक भोक दाखवलं. तिथून खापराचे, म्हणजे भाजलेल्या मातीचे, नळ एकात एक बसवून, वर चुना थापून, जमिनीखालून थेट हौदापर्यंत नेलेले. ना मोटर, ना वीज. नुसत्या उतारावर पाणी धावायचं. तिनं भोकाच्या तोंडाशी एक वाळकं पान सोडलं. ते जागच्या जागी डुलत राहिलं. "बघा. पाणी आहे, पण नळात जात नाहीये. मध्ये कुठंतरी अडलंय."

पंकजानं पाण्यात पाय सोडले आणि कितीतरी वेळ ते हलवत बसली. आपल्या पावलांकडे तिनं इतक्या कौतुकानं कधी बघितलं नव्हतं. पाणी तिला बघून पळालं नव्हतं. ते इथंच, डोंगराच्या कुशीत, वाट बघत थांबलं होतं.

पुढचे दिवस त्यांनी नळाच्या वाटेवरचे उसासे शोधण्यात घालवले. उसासा म्हणजे कमरेएवढा दगडी खांब, आतून पोकळ, डोक्यावर भोक. "नळ उंचवट्यावरून जातो तिथं हवा कोंडते," स्नेहलनं सांगितलं. "ती निघायला वाट ठेवावी लागते. नाहीतर हवाच बूच होऊन बसते आणि पाणी पुढं सरकत नाही." वस्तीवरच्या लोकांनी या खांबांना आपापल्या परीनं कामाला लावलं होतं. एकाला म्हैस बांधलेली, एकावर बुजगावण्याचा सदरा चढवलेला. पण सगळ्यांच्या माथ्याला भोक होतं. आणि सगळे साधारण सारख्या अंतरावर होते.

त्या हिशेबानं शेवटचा उसासा गोरक्षनाथांच्या कांद्याच्या रानात, लिंबाखाली यायला हवा होता. तिथं उसासा नव्हता. तिथं आसरांचं देऊळ होतं.

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवता. विहिरीच्या, नदीच्या काठी त्यांचे तांदळे, म्हणजे शेंदूर लावलेले अनघड दगड, असतात. हे देऊळ छातीएवढं उंच, चारी बाजूंनी आणि वरूनही निळ्या चकचकीत टाईल्स, माथ्यावर पितळी मुखवटा सिमेंटात पक्का बसवलेला. स्नेहलनं त्याच्याकडे एक नजर टाकली. "हे काय?"

"देव हाय आमचा," पंकजा म्हणाली. "ते नवीन हाय, ताई."

नवीन होत्या त्या टाईल्स. आत काय होतं, ते पंकजाला त्या क्षणी कळलं. भागूबाई पूर्वी सांगायच्या, आमच्या आसरा लई जागृत हुत्या, दगडाच्या भोकातून श्वास घ्यायच्या. मंगळवारी दहीभाताचा नैवेद्य दाखवताना बाया त्या भोकावर लिंबाचं पान धरायच्या आणि पान फडफडलं की हात जोडायच्या. मग कल्याणचं लग्न जमेना. शेती करणाऱ्या पोराला आजकाल कोण मुलगी देतं? गोरक्षनाथांनी आसरांना नवस बोलला, की पोराला चांगली बायको मिळाली तर तुमचं देऊळ बांधीन. पंकजाचा होकार आला आणि लग्नाची हळद निघायच्या आत त्यांनी स्वतः खपून नवस फेडला. सात तांदळे आत, जुना दगड आत, वर सिमेंट, वर टाईल्स. त्यानंतर आसरांचा श्वास थांबला. घरातले सगळे म्हणाले, देव शांत झाले, तृप्त झाले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. पायगुणानं पाणी गेलं नव्हतं. पण पंकजा आली म्हणूनच गेलं होतं, हेही खरं होतं, आणि या विचारानं तिला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं.

सांगावं तर एका वाक्यात डाग धुतला जाणार होता. पण ज्या म्हाताऱ्यानं ती आली म्हणून आनंदानं दुपारच्या उन्हात टाईल्स चिकटवल्या, आल्यागेल्याला जो आजही त्या टाईल्स हात फिरवून दाखवतो, त्यालाच चारचौघांत सांगायचं, की मामा, वस्तीचं पाणी तुम्ही बुजवलंत? आणि मग आत्याबाई जन्मभर सुनेला सोडून नवऱ्याच्या मागे लागणार. पंकजाची जीभ काही रेटेना. तिनं टेप गुंडाळला. आपला बोल आपणच सोसू, सवय आहे, असं तिनं ठरवलं. ठरवलं खरं, पण त्या दिवशी तिच्या हातची भाकरी एकही फुगली नाही.

निघायच्या दिवशी स्नेहल ओट्यावर चहाला बसली. कल्याण हौदात उतरून गोण्या मोकळ्या करत होता. गोरक्षनाथ बशीत चहा ओतून फुंकर घालत होते.

"मग, ताई, काय निगालं मोजनीत?" त्यांनी विचारलं.

स्नेहलनं सगळं सांगितलं. बारव भरलेली आहे. नळ बहुतेक धड आहे. उसासे सापडले, शेवटचा एक सोडून. "तो पडला असेल. तिथं हवा कोंडली असणार. पण जागाच सापडेना, तर काय करणार?"

"जायचं ते गेलं, बाई," भागूबाई आतून म्हणाल्या. "कुनाचा पायगुन आसतोच तसा. आमी काय बोलनार?"

पंकजा कपबशा उचलायला वाकली.

गोरक्षनाथांची बशी मात्र ओठाशी अर्ध्यातच थांबली. हा माणूस शाळेत फार गेला नव्हता, पण विहिरीपासून रानापर्यंत स्वतःची पाईपलाईन त्यांनी स्वतः पुरली होती. चढावर हवेची नळी ठेवली नाही तर पाणी कसं गुरगुरतं आणि अडतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"किती अंतरावर याला पायजे तो?" त्यांनी हळूच विचारलं.

स्नेहलनं हात केला. "त्या लिंबाच्या आसपास."

गोरक्षनाथांनी लिंबाकडे पाहिलं. मग पंकजाकडे पाहिलं. पंकजानं नजर खाली घातली आणि तिथंच सगळा उलगडा झाला. त्यांनी बशी ठेवली, गोठ्यातून पहार घेतली, देवळीतला नारळ घेतला आणि चालायला लागले.

ओट्यावरचे बाकीचे मागोमाग धावले. तोवर नारळ फुटला होता, मुखवट्याला हात जोडून झाले होते, आणि पहिल्या टाईलखाली पहारीचं टोक शिरलं होतं.

"अवो! देवाला हात लावताय? डोकं फिरलं का काय?" भागूबाई ओरडल्या.

"देवाला न्हाई, माज्या शानपनाला लावतोय." गोरक्षनाथांनी पहार दाबली. "माज्या पाईपीला मी जागजागी हवेची नळी ठिवली, अन् देवाचंच नाक दाबून बसलो. आसरा शांत झाल्या म्हनं! गुदमरल्या हुत्या त्या."

"बाबा, जपून, खालचा जुना चुना फोडू नका!" स्नेहल कळवळली आणि तिनं छिन्नी मागून घेतली. मग तिनं वरून आणि त्यांनी बाजूनं, असं काम चाललं. मुखवटा निघाला. सिमेंटचा थर निघाला. खाली दगडाचं गोल भोक दिसलं, आणि त्यातून फुस्स करून अशी हवा सुटली की धूळ गोरक्षनाथांच्या टोपीवर उडाली. जमिनीत खोल काहीतरी गुरगुरलं. भागूबाईंनी लिंबाची डहाळी मोडली आणि एक पान भोकावर धरलं. ते फडफडलं. त्यांचा हात तसाच राहिला.

गोरक्षनाथ पहारीला टेकून उभे राहिले. "पंकजा, तुला ठाऊक हुतं."

पंकजा पदराशी चाळा करत राहिली.

"मग बोलली का न्हाईस, पोरी? इतकी वर्सं ऐकून घेतलंस, अन् बोलायची येळ आली तर गप?"

"त्या टाईला माज्यासाटी बसवल्या हुत्या न्हवं, मामा," ती म्हणाली. "म्या कशा फोडायला लावू?"

म्हाताऱ्यानं टोपी काढली, धूळ झटकायच्या निमित्तानं डोळे पुसले, आणि पुन्हा घातली. भागूबाई पान हातात धरून होत्या तशाच उभ्या होत्या.

शांतता मोडली ती कल्याणनं. वस्तीकडून त्याची बोंब ऐकू आली. आधी वाटलं साप निघाला. धावत जाऊन बघतात तर हत्तीच्या तोंडातून तांबडं, गढूळ पाणी उचक्या देत येतंय आणि कल्याण गुडघाभर गोंधळात मुरघासाच्या गोण्या वर फेकतोय. "धरा की! बगता काय नुसतं! वर्साचा चारा चाललाय!" मग काय, सासरे, सून, कांदा काढणारे गडी, अगदी नकाशावाली स्नेहलसुद्धा, सगळे गोण्या ओढायला लागले. आंबूस वासानं आणि हसण्यानं हौद भरून गेला. सांजेपर्यंत पाणी निवळलं आणि मनगटाएवढी धार पुन्हा बांधून दिल्यासारखी पडायला लागली. स्नेहलनं निघायचा बेत रद्द केला. पाणी पडताना हत्तीचं चित्र काढल्याशिवाय तिला जायचं नव्हतं.

भागूबाई त्या दिवशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. त्यांनी जेवणं वाढली, भांडी घासली, आणि देवापुढे बराच वेळ बसून राहिल्या. पंकजाला वाटलं, आत्याबाई रागावल्या. नवऱ्याचं हसं झालं, त्याचा राग आता कुठं निघतो कोण जाणे.

सकाळी पंकजा कळशी घेऊन हौदावर गेली. धार आटल्यापासून पहिल्यांदाच ती या हौदातलं पाणी भरत होती. कळशी कमरेवर घेऊन वळली, तर दार लोटलेलं. पुढं होऊन तिनं ते ढकललं आणि तिथंच थबकली.

उंबऱ्यावर माप होतं. तेच पितळी माप, चिंचेनं लखलखीत घासलेलं, तांदळानं काठोकाठ भरलेलं. आतल्या बाजूला भागूबाई उभ्या. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात कुंकवाचा करंडा.

"थांब," त्या म्हणाल्या. पुढं येऊन त्यांनी सुनेला कुंकू लावलं. जरा कुंकू नाकावरही सांडलं. "उजवा पाय. अन् या खेपंला जरा बेतानं."

पंकजाला समोरचं नीट दिसेना. तिनं डोळे मिटून पाय लावला. बेतानं लावायचा म्हणून लावला, पण खो-खोचा पाय तो. माप आडवं झालं, घरभर गडगडत गेलं आणि देव्हाऱ्याच्या पाटाला लागून थांबलं. तांदूळ उंबऱ्यापासून देवापर्यंत पसरले.

भागूबाई खाली बसल्या आणि लुगडं सावरत एकेक दाणा वेचायला लागल्या. पंकजानं लगबगीनं कळशी ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसली. "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या, म्या करते."

भागूबाईंनी तिचा हात धरून बाजूला केला.

"तू ऊठ," त्या म्हणाल्या. "नवी नवरी तांदूळ गोळा करत नसती."